चांदीचा फ्यूज

फ्यूज पुन्हा उडाला आणि गाडीतलं गाणं मध्येच तुटलं. दादाने आधी माझ्या मानेवर एक चापट ठेवून दिली आणि मग विचारलं, "काय झालं रं?"

आमच्या दादाचा क्रमच तसा होता. आधी हात, मग प्रश्न.

"फ्यूज गेला," मी म्हणालो. "मी एका वूफरच्या मापानं वायर टाकली व्हती. तू मला न इचारता दुसरा खोका आणून जोडलास. त्यो किती करंट ओढतोय, बघ की."

"मग मोठा फ्यूज घाल."

"मोठा घातला तर फ्यूज ऱ्हाईल आणि वायर जळंल."

"जळंल, जळंल! दुसरं काय येतं का तुला?" दादा दारात जमलेल्या मित्रांकडे बघून म्हणाला. "उद्या महावीरच्या वरातीत माझी गाडी मुकी निघाली, तर खोली इसरायची. कळलं?"

मित्र हसले. दादाच्या चहावर वाढलेली माणसं ती, त्यांना हसणं भागच होतं.

महावीर आमचा मामेभाऊ. आणि खोली म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची पुढची खोली. तिथे मला गाड्यांच्या स्पीकरचं दुकान टाकायचं होतं. त्या खोलीपायी मी दादाच्या चापटा मुकाट खात होतो. हे काम मी कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलो नव्हतो. जुनी मासिकं, इचलकरंजीतला एक ओळखीचा आणि घरातली चालू वस्तू उघडून बंद पाडायची लहानपणापासूनची खोड, एवढंच भांडवल. पण दादाच्या गाडीचं काम मी जीव ओतून केलं होतं. बॅटरीची काळी वायर आधी सोडायची, मगच बाकीच्याला हात लावायचा. जाड तांबडी वायर पत्र्याच्या भोकातून आत घ्यायची, तर भोकाला रबराची चकती बसवायची, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने पत्रा तिला कातरतो. ती डावीकडून गालिच्याखालून डिकीत न्यायची आणि आवाजाची वायर उजवीकडून, कारण दोघी जवळ आल्या की स्पीकर नुसता घूं घूं करत बसतो. डिकीतला रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर अर्थची वायर बोल्टने आवळायची. खोका खाली स्क्रूने पक्का करायचा. आणि या सगळ्यांआधी, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, तांबड्या वायरीवर फ्यूज. यातलं एकही काम मी टाळलं नव्हतं. दादाने आणलेला दुसरा खोका मात्र पहिल्याला नुसता टेकवून ठेवला होता. स्क्रू मारू का विचारलं तर म्हणाला, "गाडीला किती भोकं पाडशील?"

माझं काम पहिल्यांदा वाजलं त्या दिवशी तो खूश होता. तेव्हाच त्याने शब्द दिला होता, "वरातीत अशी वाजली की पुढची खोली तुझी. बोर्डसुद्धा मी करून देतो." दादा बोलला की घरात तो कायदा. पैंजणांचा माल घेऊन बाहेरच्या बाजारात फिरणारा तोच आणि घर चालवणारा तोच. त्याचं नाव शीतल. आमच्या जैनांत ते पुरुषाचंही नाव असतं, आणि आईबापांनी ते ठेवताना जरा घाईच केली होती.

अडचण एकच होती. त्या खोलीत आप्पा बसायचे.

आमचे वडील हुपरीतले जुने चांदीचे कारागीर. वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी ते त्या खोलीत ऐरणीपुढे बसले ते बसलेच. त्यांच्या हातचे पैंजण एकेकाळी लोक नाव सांगून मागायचे. मग यंत्राचा माल आला, झटपट आणि हलका, आणि हातच्या कामाला कुणी विचारेना. तरी ते रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन करून यायचे आणि ऐरणीपुढे मांडी घालायचे. तुटलेली कडी जोड, ढिला फासा आवळ, असलं काहीतरी चाललेलं असायचं. दादा त्यांना तोंडावर म्हणायचा, "आप्पा, त्या खोलीत उंदरं आणि तुमी, दोघंच की. उंदरं निदान कायतरी कुरतडत्यात तरी." आप्पा कड्या घासत राहायचे. आई असती तर तिने दादाला झापलं असतं, पण ती केव्हाच गेली होती. आप्पांची ऐरण मागे न्हाणीशेजारी हलवायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दादाने ठरवलं होतं. आणि ऐरण चार पावलं मागे गेली म्हणून कुणी मरत नाही, असं माझंही मत होतं.

दादा मित्रांना घेऊन मामाकडे मांडवाचं बघायला गेला. मी बॉनेट उघडून उडालेला फ्यूज काढत होतो, तेव्हा आप्पा बाहेर आले. गाडी घरात आल्यापासून तिच्याकडे त्यांनी कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

"नेमू, ही काचंची नळी सारखी कशानं फुटती?"

"फुटत न्हाई आप्पा. आतली पट्टी वितळती."

"कशाची हाय?"

"जस्ताची असंल. मुद्दाम कच्ची करत्यात."

"मुद्दाम कच्ची?" आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुणी ठरवून कच्चं काम करतं, हे त्यांना पटेना.

मला बरं वाटलं. त्या घरात माझ्या कामाबद्दल चापटीशिवाय पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी उत्साहाने सगळं सांगितलं. "समजा, वायर कुठं घासली आणि पत्र्याला लागली, तर बॅटरीतला सगळा जोर एकदम तिच्यातनं धावतो. तवा ही पट्टी आधी मरती, वाट बंद व्हती आणि गाडी वाचती. ही नसली की वायर तापून लाल. मग गालिचा पेटतो, शिटा पेटत्यात, गाडी गेली."

आप्पांनी नळी उजेडाला धरली. आतली काळवंडलेली टोकं बराच वेळ न्याहाळली.

"म्हंजे हिचं काम मरायचं."

"व्हय."

"आणि चांदीची केली तर?"

मला हसू आलं. "चांदीची, आणि तीबी तुमच्या हातची? मग ती कशाला मरतीया! आपणच मरू."

आप्पाही हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरला निघालो. आणखी जाड वायर आणि तिच्या मापाचा फ्यूज, दोन्ही तिथेच मिळणार होतं. निघताना बॅटरीची काळी वायर सोडून ठेवली आणि दादाला बजावलं, "मी येईस्तवर हात लावू नको. लईच झालं तर दुसरा खोका काढून ठेव."

"तू वेळेत ये म्हंजे झालं," दादा म्हणाला. "वरात तुझ्यासाठी थांबायची न्हाई."

ते खरं होतं. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे वरातही उजेडातच निघते. मी धावतपळत गेलो, पण पहिलं दुकान बंद निघालं, दुसऱ्याकडे वायर होती तर फ्यूज नव्हता. सगळं हाताला लागून हुपरीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. आणि उतरल्या उतरल्या पोटात धप्प धप्प व्हायला लागलं. बेस असाच असतो, कानाच्या आधी पोटाला कळतो. माझीच गाडी वाजत होती. क्षणभर छाती फुगली. वाटलं, सगळं गाव ऐकतंय, आता खोली झाली. मग डोक्यात आलं, की फ्यूज तर माझ्या पिशवीत आहे. गाडी वाजते कशावर?

मी पळत सुटलो. वरात पेठेतून हळूहळू चालली होती. मागे घोड्यावर महावीर, पुढे नाचणारी पोरं, आणि सगळ्यांच्या पुढे दादाची गाडी. दादा एक कोपर खिडकीबाहेर काढून राजासारखा चालवत होता. मी खिडकीला लटकलो.

"फ्यूज कुठनं आणलास?"

"आप्पानं करून दिला!" दादा गाण्यावरून ओरडला. "चांदीचा! सकाळी माझ्या हातात आणून ठेवला. म्हणले, हा काय उडायचा न्हाई. पैल्यांदा म्हातारं कामाचं निघालं बघ! हुपरीत दुसऱ्या कुणाच्या गाडीत हाय का चांदीचा फ्यूज?"

मी ओरडलो, "दादा, बंद कर. तुझ्या पाया पडतो, गाडी बंद कर. आत काय झालं तर त्यो तुटणार न्हाई."

"अरं, म्हणून तर घातलाय!" आणि त्याने आवाज आणखी वाढवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी चावीला हात घातला, तर त्याने माझं मनगट पिरगाळून मला बाहेर ढकललं. गाडी गतिरोधकावरून गेली आणि मागे काहीतरी धाडकन सरकलं.

तो न आवळलेला दुसरा खोका होता. त्याचा लोखंडी कोपरा तांबड्या वायरीवर बसला आणि वायर सीटच्या पट्टीत चेमटली, हे मी नंतर सांगाड्यात बघितलं. तेव्हा फक्त वास आला, जळक्या रबराचा. मग डाव्या बाजूने, बॉनेटपासून डिकीपर्यंत, गालिच्याखालून धुराची सरळ रेघ उठली. जिथून जिथून मी वायर नेली होती, नेमकी तिथून. माझी वायर किती सरळ होती, ते साऱ्या गावाने बघितलं.

पोरं पांगली. कुणीतरी महावीरला घोड्यावरून ओढून काढलं. दादा उडी मारून बाहेर आला, बॉनेट उघडलं आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने ती तांबडी वायर उजव्या हाताने धरून हिसकली. वितळलेलं रबर त्याच्या तळहाताला चिकटलं. त्याची किंकाळी ऐकून वाजंत्रीवाले थांबले. मी पान्याने बॅटरीची काळी वायर काढली, पण तोवर सीटा धडधडून पेटल्या होत्या. लोकांनी माती टाकली, घागरी ओतल्या. उरला तो काळा सांगाडा.

सांगाडा ओढून आमच्या दारात आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बघ्यांची रीघ लागली. दादा हाताला बँडेज बांधून खुर्चीत बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत. बाळासाहेब म्हणून एक मोठे व्यापारी आले. त्यांनी बॉनेटखाली वाकून काजळी धरलेली एक पट्टी काढली आणि अंगठ्याने घासली. ती लख्ख चमकली.

"बघा रं," ते म्हणाले, "गाडी जळली, इंजिन जळलं, आणि आप्पांचं काम जसंच्या तसं!"

लोक पुढे सरले. पट्टी या हातातून त्या हातात फिरली. न वाकलेली, न चिरलेली, कडा कानशीने गोल केलेल्या. फ्यूजची पट्टी कशाला कुणी अशी घडवतं?

"आणि वायर कुणाची व्हती?" कुणीतरी विचारलं.

"ह्याची," दादा म्हणाला.

मी घसा फोडून सांगत होतो. "काका, पट्टी जळायलाच पायजे व्हती! ती टिकली म्हणून तर गाडी जळली!"

"जळायला पायजे व्हती?" बाळासाहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. "लेका, हुपरीत जन्मलास आणि असं बोलतोस? आगीतनं बाहेर येतं ते खरं, का आगीत जातं ते?"

सगळे हसले. चांदीचं गाव ते. आगीत टिकलं ते अस्सल, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं, आणि ज्या वस्तूचं कामच मरायचं आहे अशी वस्तू त्यांच्यापैकी कुणी जन्मात बघितली नव्हती. माझी वायर जळली, म्हणजे मी खोटा. आप्पांची पट्टी टिकली, म्हणजे आप्पा खरे. इतका सोपा न्याय होता.

मग दादा उठला आणि सगळ्यांसमोर डाव्या हाताने पायातली चप्पल काढून मला मारायला लागला. "दुकान पायजे व्हय? गाडी जाळलीस, उद्या गिऱ्हाइकं जाळशील!" कुणी मध्ये पडलं नाही. आप्पा उंबऱ्यावर बसून बघत होते. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, ते काहीतरी बोलतील म्हणून. त्यांनी नजर वळवली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

जाताना बाळासाहेबांनी आप्पांना हातच्या पैंजणांचं काम सांगितलं. ऐरण हलवायची गोष्ट त्या दिवसानंतर कुणी काढली नाही.

दुपारी अंगण रिकामं झालं, तेव्हा खिडकीत ठेवलेली पट्टी घेऊन मी पुढच्या खोलीत गेलो. आप्पा कड्या घासत होते. मार खाऊनही मला त्यांची कीवच येत होती. बिचाऱ्याने लेकासाठी केलं आणि झालं भलतंच, असं मी धरून चाललो होतो.

"आप्पा," मी शेजारी बसून म्हणालो, "तुमाला कळलं न्हाई, मला ठावं हाय. पण तुमी दादाला एवढंच सांगा, की नेमूनं मला सांगितलं व्हतं आणि मी इसरलो. ह्या वयात इसरायला व्हतंयच. त्यात लाज कसली?"

कानस थांबली.

"काय कळलं न्हाई मला?"

"ते फ्यूजचं. विजेतलं तुमाला काय..."

"थोबाड फोडीन." आप्पांचा आवाज चढला नव्हता. "जस्त कवा पळतं, तांबं कवा लाल व्हतं, चांदी कवा पाणी व्हती, हे तू मला शिकवणार? जल्म गेला ह्या जाळाफुडं. तू सांगितलंस, तवाच समदं कळलं. इसरायला मी काय येडा झालोय?"

"म्हंजे, तुमी जाणून..."

"मरणार न्हाई अशीच घडवली. जाड घेतली, एकसंध ठोकली, कुठं सांधा ठेवला न्हाई. बसवली तुझ्या दादानं, त्याच्या हातानं. मी गाडीला बोट लावलं न्हाई."

"दादा गाडीत व्हता, आप्पा! फुडं पोरं नाचत व्हती!"

"कोण किती जळंल, ते माझ्या हातात न्हवतं." त्यांनी कडी उचलली, फुंकर मारली. "खोली हातात व्हती. तेवढी धरली."

"आणि मी? सगळी माझ्या तोंडात शेण घालत्यात. तुमी उंबऱ्यावर बसून बघत व्हता."

"तूबी बोर्ड रंगवायला निघाला व्हतास की. माझी ऐरण न्हाणीजवळ ठेवणार व्हता तुमी दोघं. धुण्याच्या पाण्यात."

त्यांना राग आलेला नव्हता, हेच भयंकर होतं. हिशोब झालेल्या माणसासारखे ते शांत होते. मला त्यांचा तिटकारा आला. "मी आत्ता दादाला सांगतो," मी म्हणालो.

"जा की. बापानं लेकाची गाडी जाळली म्हणून सांग. बघू, कोण ऐकतंय."

आणि त्यांनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. उलटीसुलटी करून बघितली, स्वतःचं काम आवडल्यासारखी मान हलवली आणि मुशीत टाकली. गॅसची बत्ती लावली. निळा जाळ पट्टीवर धरला तरी ती बराच वेळ हलेना.

"बघ," आप्पा मला धडा दिल्यासारखे म्हणाले, "रबर जळायला केवढा जाळ लागतो आणि हिला केवढा. तू चार मासिकं वाचून मला सांगतोस."

मग पट्टी बसली, तिच्या कडा गेल्या आणि मुशीत एक थरथरता गोळा उरला.

मी दादाला सांगितलं. त्याच पावली जाऊन सांगितलं. त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग, "आता बापावर घालतोस व्हय रं?" म्हणून पुन्हा चप्पल काढली. या वेळी प्रश्न आधी आला, एवढाच फरक. गावात ज्याला त्याला सांगून बघितलं. लोक माझ्या तोंडावर थुंकायचेच बाकी राहिले. जन्मदात्यावर असला आळ घेणारा, अशी माझी ख्याती झाली, आणि अशा माणसाला आपल्या गाडीची वायर कोण शिवू देणार? कोल्हापुरात दुकान शोधलं, तर तिथेही माझ्याआधी माझं नाव पोचलेलं होतं.

आप्पांना काम मिळत होतं. ओतताना त्यांचा हात आता कापायचा आणि दादाची मूठ मिटत नव्हती. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि सांडशी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.

पुढे आप्पा गेले. त्यांच्या शोकसभेत बाळासाहेबांनी त्या पट्टीची गोष्ट सांगितली आणि लोकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून ऐकली. वाटण्या झाल्या तेव्हा दादा नरमला असावा, निदान त्याने खळखळ केली नाही. पुढची खोली शेवटी मलाच मिळाली, ऐरणीसकट.